नाताळापासून पेंटेकॉस्टपर्यंत: आपल्या मंडळीत काय काय आहे, कुणाला कुठे संधी आहे, आणि तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

सगळ्यांना सलाम. रविवारी उपासना संपता संपता सूचना वाचल्या जातात, तेव्हा निम्मी मंडळी चपला शोधत असते आणि लहान मुलं रडत असतात, त्यामुळे मग आठवडाभर मला फोन येतात की ते फॉर्मचं काय होतं, तारीख कोणती म्हणाले. वाडीवस्तीवरच्या लोकांना तर त्या सूचना ऐकूही येत नाहीत कारण तिथे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा जातात. म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढलंय. मी नगर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण पॅस्टोरेटचं, म्हणजे एका पाळकाकडे असलेल्या आसपासच्या चर्चच्या गटाचं, सेक्रेटरीचं काम बघतो, त्यामुळे उदाहरणं आमच्याकडची आहेत, पण आपण सगळे सीएनआयचेच (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), म्हणून बरंचसं सगळीकडे लागू पडेल.

या वर्षीच्या मोठ्या तारखा एकदाच सांगा ना

घ्या लिहून. आगमन काळाचा, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार २९ नोव्हेंबर २०२६. नाताळ शुक्रवारी येतोय, म्हणजे शनिवार रविवार जोडून मिळतात, पुण्या-मुंबईच्या पोरांनी तिकिटं आत्ताच काढा. मंडळ्यांच्या ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह १८ ते २५ जानेवारी. राखेचा बुधवार १० फेब्रुवारी २०२७, तिथून लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ सुरू. महिलांचा जागतिक प्रार्थना दिन ५ मार्च. झावळ्यांचा रविवार २१ मार्च, उत्तम शुक्रवार २६ मार्च, पुनरुत्थानाचा रविवार म्हणजे ईस्टर २८ मार्च. यंदा ईस्टर लवकर आहे, त्यामुळे दहावीच्या परीक्षेच्या आसपासच लेंटचे कार्यक्रम येणार, तेव्हा दहावीच्या मुलांना नाटकात घेऊ नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्वर्गारोहण दिन ६ मे आणि पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्याचा सण, १६ मे.

२९ नोव्हेंबरला आगमनाचा रविवार धरायचा की सीएनआय दिन?

दोन्ही. आणि हा योग मला फार आवडलाय. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय झाली, तोही रविवार होता आणि आगमनाचा पहिलाच रविवार होता. ५६ वर्षांनी वार आणि तारीख अगदी तशीच जुळून आलीय, कॅलेंडर काढून बघा. त्या दिवशी आमच्याकडे सकाळची उपासना आसपासच्या सगळ्या गावांची मिळून एकत्र होणार, पवित्र सहभागिता (प्रभूभोजन) होणार आणि मग एकत्र जेवण. भाकरी प्रत्येक घरातून, कालवण चर्चतर्फे.

आमचे आजोबा म्हणायचे आपण अमेरिकन मंडळी, शेजारचे म्हणतात आम्ही एसपीजी. मग सीएनआय कुठून आलं?

हा प्रश्न तरुण संघात दरवर्षी निघतो आणि निघायलाच पाहिजे. आपल्याकडे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरमध्ये सुरू झालं, ती काँग्रिगेशनल पद्धतीची, म्हणजे बिशप नसलेली, सभासदच कारभार बघणारी मंडळी, म्हणून गावात अजून "अमेरिकन चर्च" म्हणतात. नंतर एसपीजी हे इंग्लंडचं मिशन आलं, ते अँग्लिकन, बिशपवालं. एकाच गावात दोन चर्च, दोन शाळा, दोन दफनभूमी, आणि लग्न जमवतानासुद्धा लोक विचारायचे तुम्ही कुठले. १९७० ला या दोन्ही परंपरा, शिवाय ब्रिटिश बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राईस्ट असे सगळे एकत्र आले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र आले नाहीत, म्हणून मेथडिस्ट चर्च आपल्याकडे वेगळं दिसतं.

याचा रोजच्या जगण्यात परिणाम काय? तर आपल्याकडे बिशपही आहेत आणि पॅस्टोरेट कमिटीही आहे. लहान बाळाचा बाप्तिस्माही होतो आणि मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्माही चालतो. दोन्ही रीती ऐक्याच्या करारातच मान्य केलेल्या आहेत, त्यामुळे कुणी तुम्हाला म्हणालं की तुमचा बाप्तिस्मा बरोबर नाही तर शांतपणे पाळकसाहेबांकडे पाठवा.

६ डिसेंबरच्या टिळक भजन संध्येत कुणाला भाग घेता येतो?

सगळ्यांना. वयाची अट नाही, आवाजाची पण नाही. यंदा ६ डिसेंबर रविवारी आलाय आणि त्या दिवशी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची १६५ वी जयंती, जन्म १८६१ चा. आमच्या पॅस्टोरेटने ठरवलंय की संध्याकाळी फक्त टिळकांची पदं गायची, प्रत्येक वस्तीवरून एक भजनी मंडळ, प्रत्येकाला दोन पदं, एक सगळ्यांना येणारं आणि एक असं जे आपल्या चर्चमध्ये कित्येक वर्षांत गायलं गेलं नाही. ही दुसरी अट मी हट्टाने घालायला लावली. आपल्या "उपासना संगीत" या गीतपुस्तकात टिळकांच्या पदांचा इतका मोठा वाटा आहे आणि आपण फिरून फिरून तीच पंधरा-वीस गातो, बाकीची पानं कोरीच्या कोरी राहतात. आजीला विचारा, तिला चाली येतात. आमच्या शेजारच्या वस्तीवर ऐंशीच्या पुढच्या एक मावशी आहेत, त्यांना अक्षर वाचता येत नाही पण पदं अख्खी पाठ आहेत, त्यांच्याकडून तरुण संघाच्या दोन मुली मोबाईलवर चाली रेकॉर्ड करून घेतायत. असं प्रत्येक गावात व्हायला पाहिजे, आणि आत्ताच, कारण ही माणसं कायम राहणार नाहीत.

टिळक म्हणायचे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांची पदं म्हणूनच अभंगाच्या, ओवीच्या वळणाची आहेत, टाळ आणि पेटीवर खुलतात. कीबोर्डवर रेडिमेड बीट लावून ती म्हटली की मला वैयक्तिक वाईट वाटतं, पण बंदी नाही. फक्त शब्द नीट कळू द्या एवढंच.

एक महत्त्वाचं. ६ डिसेंबर हा बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिनही आहे आणि आपल्यातली किती तरी घरं त्या दिवशी अभिवादनाला जातात, काही जण मुंबईला चैत्यभूमीवर जातात. म्हणून कार्यक्रम मुद्दाम संध्याकाळी सातनंतर ठेवलाय आणि सुरुवातीला दोन मिनिटं उभं राहून अभिवादन होईल. यावर कमिटीत चर्चा झाली आणि सगळ्यांचं एकमत झालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

पेटी किंवा तबला शिकायचाय, क्लास आहे का?

आहे. ऑक्टोबरपासून दर शनिवारी दुपारी, चर्चच्या हॉलमध्ये, फी नाही. दोन पेट्या आहेत, त्यातली एक जुनी आहे आणि तिचा भाता गळतो. तबल्याची जोडी एकच, त्यामुळे तबल्याला सहाच मुलं घेऊ. मुलींनो, तबल्यालाही नाव द्या, फक्त कोरसमध्ये उभं राहायचं असं काही नाही.

ख्रिस्ती कीर्तन म्हणजे काय? ते शिकवणार म्हणे

होय, आणि हे ऐकून बऱ्याच नव्या मुलांना आश्चर्य वाटतं, पण ही परंपरा आपल्या नगरचीच. एकोणिसाव्या शतकातच कृष्णराव सांगळ्यांनी इथे ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये गाणं, सगळं मराठी कीर्तनासारखंच, आख्यान मात्र शास्त्रातलं म्हणजे बायबलमधलं, उधळ्या पुत्राचं किंवा योसेफाचं किंवा रूथचं. ज्या काळात आपली बहुतेक मंडळी निरक्षर होती त्या काळात शास्त्र लोकांच्या कानात कीर्तनाने गेलं. आता कीर्तनकार बोटावर मोजण्याइतके उरलेत. मे महिन्यात सुट्टीत आठ दिवसांचं शिबिर घ्यायचा विचार आहे, शिकवायला वयस्कर कीर्तनकारांना बोलावणार, जेवणखाण राहणं पॅस्टोरेटतर्फे. नावं पंधराच्या वर आली तरच घेता येईल म्हणून नावं लवकर द्या. ९ मे ला टिळकांची पुण्यतिथी असते, १९१९ साली ते गेले, तर शिबिराचा शेवट त्या दिवशी शिकलेल्या मुलांच्याच कीर्तनाने करायचा असं मनात आहे.

मी कविता करतो/करते, लेख लिहिते, त्याला काही जागा आहे का?

जागा आहे आणि वेळ पण अगदी योग्य आहे. पहिलं मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन १९२७ ला नाशिकला भरलं होतं, म्हणजे २०२७ ला शंभर वर्षं होतायत. १९३३ च्या नागपूरच्या संमेलनाच्या अध्यक्ष टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक होत्या, ज्या बाईंना लग्न होऊन आल्या तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. आणि नगरमध्येच १८४२ ला ज्ञानोदय सुरू झालं, मराठीतल्या सगळ्यात जुन्या नियतकालिकांपैकी एक, ज्यात पुढे टिळकांनी मराठी संपादकाचं काम केलं. एवढा वारसा असलेल्या मंडळीत आज लिहिणारं कुणी विचारलं की लोक एकमेकांकडे बघतात.

आम्ही पॅस्टोरेटचा एक हस्तलिखित अंक काढतोय नाताळला. हाताने लिहिलेला, मग स्कॅन करून ग्रुपवर टाकू. विषय "आमच्या वस्तीवरचं चर्च". गावाकडची बोली तशीच्या तशी लिहा, शुद्धलेखन आम्ही बघू. टाईप करून पाठवलं तरी चालेल. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फॉरवर्ड कविता स्वतःच्या नावाने पाठवू नका.

जुन्या रजिस्टरचे फोटो काढायचं काम काय आहे?

हे माझ्या सगळ्यात जवळचं काम. बऱ्याच चर्चच्या लोखंडी कपाटात बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची जुनी रजिस्टरं आहेत. काही मोडीत, काही इंग्रजीत, काही जुन्या बाळबोध मराठीत. वाळवी लागतेय, पावसाळ्यात पानं चिकटतात. आमच्या एका चर्चमधलं एक रजिस्टर मी लहानपणी बघितलेलं, आता नाही, कुणी म्हणतं कौलातून पाणी आलं तेव्हा गेलं. त्यात आमच्या खापरपणजीचं नाव होतं असं वडील सांगायचे, ते मला आता कधीच बघता येणार नाही.

म्हणून तरुण संघाची सहा जणांची टीम पाहिजे. चांगला कॅमेऱ्याचा मोबाईल, एक ट्रायपॉड, खिडकीजवळचा उजेड, फ्लॅश नाही, पानाला थुंकी लावून उलटायचं नाही. प्रत्येक पानाचा फोटो, फाईलला गाव आणि साल. मोडी वाचणारं कुणी असेल तर देवच पावला, कॉलेजमध्ये मोडीचा कोर्स केलेली पोरं असतात, त्यांनी नक्की सांगा. रजिस्टर चर्चच्या बाहेर न्यायचं नाही आणि फोटो फेसबुकवर टाकायचे नाहीत, त्यात लोकांच्या घरातल्या खाजगी गोष्टी असतात.

सोबत आज्या-आजोबांच्या आठवणी पण रेकॉर्ड करायच्यात. मिशन शाळा कशी होती, दुष्काळात काय खाल्लं, विहिरीवर पाणी कुणी भरू दिलं आणि कुणी नाही. नगरच्या मुलींच्या शाळांचं काम सिंथिया फरार बाईंनी १८३९ पासून १८६२ ला मरेपर्यंत केलं, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं असं आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण त्या शाळांत शिकलेल्या आपल्याच पणज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. ती शोधायचीत.

कन्फर्मेशनचा क्लास कधी?

जानेवारीपासून, रविवारी उपासनेनंतर एक तास. दृढीकरण म्हणजेच कन्फर्मेशन, बाप्तिस्म्यातला विश्वास स्वतः कबूल करणं, हे बिशपसाहेबांच्या हातून होतं, त्यामुळे त्यांची तारीख मिळेल तसं, शक्यतो ईस्टरनंतर. क्लास चुकवू नका. नोकरीमुळे जमत नसेल तर पाळकसाहेबांशी बोला, ते संध्याकाळी घरी येऊनही शिकवतात.

पॅस्टोरेट कमिटीच्या निवडणुकीत तरुणांना, महिलांना उभं राहता येतं का?

येतं, आणि राहा. सहभागितेचे सभासद असलात, म्हणजे दृढीकरण झालेलं आणि नाव यादीत असलं, की बाकीच्या अटी नोटीस बोर्डावर लावू त्या बघून घ्या. मंडळी, पॅस्टोरेट, डायोसिस (बिशपसाहेबांचा प्रांत), सिनॉड (सगळ्यात वरची सभा) अशी आपली रचना आहे. खालून नावं गेली तरच वर आपला आवाज पोचतो. डायोसिसच्या कौन्सिलला आपल्याकडून प्रतिनिधी जातात आणि गेल्या कित्येक खेपांना तीच ठरलेली शहरातली नावं जातायत, हे मी कमिटीत तोंडावर बोललोय म्हणून इथेही लिहितो. शेतमजुरी करणाऱ्या बाईला एक दिवसाचा रोज बुडवून मीटिंगला जाणं परवडत नाही ही खरी अडचण आहे, त्यासाठी प्रवासखर्च आणि रोज पॅस्टोरेटने द्यावा असा ठराव वार्षिक सभेत मांडणार आहे. हात वर करायला या.

वर्गणी थकलीय, नाव कापतील का?

पाळकसाहेबांना एकदा भेटा. पावसाने पीक गेलं, दवाखाना झाला, हे सगळ्यांना कळतं. गप्प राहून चर्चला यायचं बंद करू नका.

पाळक व्हायचंय, कुठून सुरुवात करू?

आपल्या मंडळीतूनच. थेट सेमिनरीत (पाळकांच्या शिक्षणाच्या कॉलेजात) फॉर्म भरला आणि मग डायोसिसला सांगितलं असं उलटं करू नका, मग सगळंच अडकतं. आधी पाळकसाहेबांशी बोलायचं, पॅस्टोरेट कमिटीची शिफारस लागते, मग डायोसिसकडे मुलाखत, आणि त्यानंतर शिक्षणाला पाठवतात. तोपर्यंत संडे स्कूल घ्या, वस्तीवरच्या उपासना चालवा, आजाऱ्यांना भेटा. मुलाखतीत हेच विचारतात की मंडळीत काय केलंस.

शिक्षणाचं म्हणाल तर सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची बीडी, म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, सगळ्यांना माहीत आहे, ते कॉलेज १८१८ चं. पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, तिथे आपले बरेच पाळक शिकले. पुण्यातच बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे जी आधी यवतमाळला होती. इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरणारी मुलं खूप भेटतात. आमच्याच गावचा एक मुलगा, बारावी मराठी मीडियम, पहिल्या वर्षी रडून परत आला होता, त्याला वर्षभर एका रिटायर्ड शिक्षिकेने रोज संध्याकाळी शिकवलं आणि आज तो चार गावांचा पाळक आहे. तशी शिकवणी आम्ही परत सुरू करतोय, दोघं शिक्षक तयार आहेत, विद्यार्थी पाहिजेत.

मुलींना पाळक होता येतं?

हो. सीएनआयमध्ये स्त्रियांची दीक्षा होते, डीकनही (पाळक होण्याआधीची पायरी) आणि प्रेसबिटरही (पूर्ण पाळक). घरातून विरोध असेल तर आईवडिलांशी बोलायला आम्ही येतो.

नर्सिंगला जायचंय, चर्चकडून काही होतं का?

आपल्या लेकींनी नर्सिंगमधून अख्खी घरं वर आणलीत, त्यामुळे हा प्रश्न मे-जूनमध्ये रोज येतो. पण मे-जूनमध्ये उशीर झालेला असतो! आता बीएस्सी नर्सिंगला आणि एएनएम, जीएनएमला सुद्धा राज्याची सीईटी द्यावी लागते, तिचे फॉर्म आधीच भरायचे असतात. सीईटी सेलच्या साईटवर तारखा येतात, त्या ग्रुपवर टाकायची जबाबदारी मी घेतलीय. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांनी डिसेंबरमध्येच आधार, शाळेचा दाखला, रहिवासी, उत्पन्न आणि जातीची कागदपत्रं गोळा करायला लागा.

वेल्लोर आणि लुधियानाच्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजला चर्चच्या शिफारशीने म्हणजे स्पॉन्सरशिपने काही जागा असतात. तिथेही परीक्षा आणि मार्क लागतातच, एमबीबीएसला NEET ही परीक्षा द्यावीच लागते. आणि शिक्षण झाल्यावर ठरावीक काळ मिशनच्या किंवा गरजेच्या भागातल्या दवाखान्यात सेवा करायचा करार असतो, तो वाचूनच सही करा. माझ्या मते तो करार ओझं नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे दोघंही वेल्लोरचे, १९७० ला येऊन बसले आणि गावातल्या साध्या बायकांना आरोग्याचं काम शिकवून बाळंतपणात मरणाऱ्या आया वाचवल्या. असं काम करायला आपल्यातून कुणी निघालं तर पॅस्टोरेट त्याच्या मागे उभी राहील, हे मी कमिटीला विचारून लिहितोय.

कॉलेज अ‍ॅडमिशनला पाळकांचं पत्र लागतं म्हणाले, ते कसं मिळेल?

ख्रिस्ती अल्पसंख्याक कॉलेजात अल्पसंख्याक कोट्यातून जायचं असेल तर बरेच ठिकाणी बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकांचं पत्र मागतात. शाळेच्या दाखल्यावर धर्म ख्रिश्चन असला पाहिजे. तो नसेल तर अडचण होते, म्हणून दहावीच्या आधीच दाखला बघा. पत्रासाठी चार दिवस आधी सांगा. रात्री अकराला फोन करून सकाळी पत्र पाहिजे असं झालं तर पाळकसाहेब पण माणूसच आहेत.

जातीच्या दाखल्याचं काय करायचं? एक म्हणतो एससी मिळतं, एक म्हणतो नाही

हे नीट समजून घ्या, कारण यात पोरांचं वर्ष जातं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, नंतर १९५६ ला शिखांना आणि १९९० ला बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती लोकांना नाही. म्हणून १० ऑगस्टला, त्या आदेशाच्या तारखेला, दलित ख्रिस्ती निषेध दिवस पाळतात. आपली मागणी जुनी आहे आणि न्याय्य आहे, गावात कुणी आपल्याला वेगळं वागवत नव्हतं असं तर नाही ना, धर्म बदलला म्हणून वेशीबाहेरची वस्ती आत आली नाही. पण मागणी मान्य होईपर्यंत कागद आहे त्या नियमानेच काढावे लागतात. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत धरतात, त्याचा दाखला आणि नॉन क्रिमीलेयर काढा. आदिवासी ख्रिस्ती असाल तर एसटीला धर्माची अट नाही. फॉर्ममध्ये एकीकडे एक धर्म आणि दुसरीकडे दुसरा असं करू नका, पडताळणीत सापडतं आणि मग हातची नोकरी जाते. जानेवारीत एक शनिवार आम्ही फक्त कागदपत्रांसाठी बसणार आहोत, तहसीलच्या कामाची माहिती असलेले दोघं जण येतील, येताना आजोबांच्या शाळेचा दाखला मिळाला तर आणा.

मिशनच्या दवाखान्यात नोकरी लावून देतो म्हणून एकाने पैसे मागितलेत

देऊ नका. कुठेही, कुणालाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका घराने कानातलं विकून पैसे दिले, पुढे तो माणूस फोनच उचलेना, आणि त्या मुलीने वर्षभर लाजेने चर्चला यायचं सोडलं. चूक तिची नव्हती. तसंच परदेशी कॉन्फरन्सचं आमंत्रण म्हणून ईमेल येतात, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा म्हणतात, तेही सोडून द्या. खरी जाहिरात असेल तर ती डायोसिसच्या ऑफिसात विचारून कळते, मी फोन करून देतो.

५ मार्चच्या महिला प्रार्थना दिनाला पुरुषांनी यायचं का?

या, आणि सकाळी हॉल झाडा, खुर्च्या लावा, चहा करा. जागतिक प्रार्थना दिन मार्चच्या पहिल्या शुक्रवारी असतो, दरवर्षी एका देशातल्या बायका उपासना तयार करतात आणि जगभर तीच वापरतात. आमच्या महिला मंडळाच्या बायका त्या देशाचं नाव नकाशावर शोधून मुलांना दाखवतात. त्या दिवशी मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी), मेथडिस्ट आणि कॅथलिक बायकाही आपल्याकडे येणारेत.

म्हणजे दुसऱ्या मंडळीच्या लोकांना कार्यक्रमांना येता येतं?

येतं. भजन, कीर्तन शिबिर, कागदपत्रांचा दिवस, तबला क्लास, सगळ्याला. फक्त निवडणूक आणि वार्षिक सभा आपल्या सभासदांची.

केडगावची सहल नक्की आहे का?

हो. हे नगरजवळचं नाही, पुणे जिल्ह्यातलं केडगाव, जिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचा स्मृतिदिन ५ एप्रिल, १९२२ साली त्या गेल्या. २०२७ ला तो सोमवारी येतोय म्हणून आदल्या दिवशी रविवारी सकाळची उपासना लवकर आटपून निघायचं. दुष्काळातल्या अनाथ मुली आणि विधवांना त्यांनी तिथे आसरा दिला, आणि मूळ हिब्रू, ग्रीकवरून सगळं शास्त्र मराठीत स्वतः आणलं, शेवटपर्यंत तेच काम करत होत्या. संडे स्कूलच्या मोठ्या मुलींनी तरी ती जागा डोळ्यांनी बघावी. वर्गणी गाडीच्या खर्चापुरतीच, ज्यांना शक्य नाही त्यांचं आम्ही बघू, फक्त नाव द्या.

आमच्या वस्तीवर पाळक महिन्यातून एकदाच येतात, आम्ही काय करायचं?

तुमच्यातल्या दोघांनी उपासना चालवायला शिकायचं. नोव्हेंबरमध्ये दोन दिवसांचा वर्ग आहे, प्रार्थनाक्रम कसा चालवायचा, शास्त्रपाठ कसा वाचायचा, छोटा संदेश कसा द्यायचा. सहभागिता पाळकांच्याच हातून होईल, पण बाकीचे तीन रविवार चर्चचं दार बंद राहता कामा नये. हंगामाच्या, म्हणजे पीक आल्यावरच्या आभाराच्या, उपासनेलाही पाळकांची तारीख आत्ताच ठरवून घ्या, बाजरी निघाली की सगळ्या वस्त्या एकदम तारीख मागतात. हंगामाच्या लिलावात आलेले पैसे यंदा वस्तीच्याच चर्चच्या पत्र्यांसाठी वापरायचे असं ठरलंय.

मी पुण्यात कामाला आहे, नाव कुठल्या मंडळीत ठेवू?

कायमचं राहणार असाल तर इथून बदलीपत्र घेऊन तिथल्या पाळकांना द्या. नाव दोन्हीकडे नको. गावच्या चर्चसाठी काही करावं वाटलं तर सीईटीचे फॉर्म भरायला मुलांना फोनवर मदत करा, त्याची आम्हाला पैशांपेक्षा जास्त गरज आहे.

मे मध्ये लग्न आहे, चर्चला किती आधी कळवायचं?

निदान दोन महिने. लग्नाची सूचना तीन रविवार वाचली जाते. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण, दोघांचे वयाचे आणि बाप्तिस्म्याचे दाखले. उत्तम शुक्रवारच्या आठवड्यात लग्न धरू नका.

प्रॉपर्टीच्या केसचं काय झालं?

कोर्टात आहे त्याबद्दल इथे लिहिणार नाही. वार्षिक सभेत विचारा, हिशोबाची वही समोर ठेवतो.

नाव कुणाकडे द्यायचं?

चर्चच्या दारात टेबलावर रजिस्टर ठेवलंय, पेन दोरीने बांधलाय. वस्तीवरच्यांनी संडे स्कूलच्या शिक्षकांकडे चिठ्ठी द्या, ते शनिवारी आणतात. टिळक भजनाची नावं १५ नोव्हेंबरपर्यंत, हस्तलिखिताचे लेख ३० नोव्हेंबरपर्यंत, उपासना चालवण्याच्या वर्गाची नावं ऑक्टोबर संपायच्या आत. उशीर झाला तरी या, पण पेटीच्या क्लासला जागा भरली तर पुढच्या बॅचला थांबावं लागेल.